पॅव्हिलियनच्या बोअर आणि ११० मीटरवर थांबलेलं केसिंग

आपल्याकडे शेतात बोअरची गाडी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी पारावर दोन प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती फुटांवर लागलं? आणि केसिंग किती टाकलं? पहिल्याचं उत्तर मालक छाती फुगवून देतो, नाहीतर विषय बदलतो. दुसऱ्याचं उत्तर बिलावर असतं, कारण केसिंगचे पैसे फुटामागे वेगळे लागतात. मुरूम संपला, काळा पाषाण लागला की केसिंग थांबवायचं, हा आपला रिवाज. खाली खडक आपल्या पायावर उभा राहतो, मग पाइपात पैसे कशाला घाला?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातलं पॅव्हिलियन हे दोन-अडीचशे वस्तीचं गाव. तिथलं प्रकरण मी वाचायला घेतलं ते फ्रॅकिंगवरच्या भांडणापायी. फ्रॅकिंग म्हणजे विहिरीतून दाबाने द्राव सोडून खडकाला भेगा पाडायच्या आणि अडकलेला वायू मोकळा करायचा. चार अहवाल चाळून झाल्यावर लक्षात आलं, की भांडण पारावरच्या त्याच दोन प्रश्नांचं आहे. किती खोल, आणि केसिंग किती.

पॅव्हिलियन विंड रिव्हर नदीच्या खोऱ्यात आहे. आजूबाजूचा मुलूख विंड रिव्हर आरक्षित प्रदेशाचा, म्हणजे ईस्टर्न शोशोनी आणि नॉर्दर्न अरापाहो या दोन मूळ जमातींचा. पाऊस बेताचा, नदीच्या कालव्यावर लसूणघास होते, गुरं पाळली जातात. घरं एकमेकांपासून लांब लांब, त्यामुळे गावाबाहेरच्या प्रत्येक घराची आपापली बोअर. त्याच शेतांमधून नैसर्गिक वायूच्या विहिरीही उभ्या आहेत. वायूचं क्षेत्र १९६० च्या सुमारास सापडलं. पुढे ते टॉम ब्राउन नावाच्या कंपनीकडे होतं, २००४ मध्ये एनकाना या कॅनडाच्या कंपनीने ती कंपनीच विकत घेतली. सगळं धरून तिथे १६९ उत्पादन विहिरी झाल्या.

काही घरांत पाण्याला वास येतो, चव बदलली, अशा तक्रारी बरीच वर्षं होत्या. २००८ मध्ये रहिवाशांनी केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे, म्हणजे ईपीएकडे, दाद मागितली. २००९ च्या मार्चमध्ये पहिले नमुने घेतले, २०१० च्या जानेवारीत दुसरे. ऑगस्ट २०१० मध्ये केंद्राच्या आरोग्य यंत्रणेने त्या घरांना सल्ला दिला: प्यायला आणि स्वयंपाकाला दुसरं पाणी वापरा, आणि आंघोळ करताना हवा खेळती ठेवा. दुसऱ्या सूचनेचं कारण मिथेन, म्हणजे पेट घेणारा वायू. नळातून पाण्याबरोबर वायू येत असेल तर बंद न्हाणीघरात तो साठू शकतो. रोजच्या आंघोळीला पंखा लावून बसायचं, हे वाचताना मला पुढे येणाऱ्या बेंझीन या विषारी द्रव्याच्या आकड्यांपेक्षा जास्त लागलं.

‘ते तर मैलभर खाली असतं’

फ्रॅकिंगची बाजू घेणाऱ्यांचा हुकमी मुद्दा खोलीचा आहे. शेतकऱ्याची बोअर दोन-चारशे फूट, फ्रॅकिंग होतं मैल-दीड मैल खाली, मधे हजारो फूट खडक. मग खालचं वर येईल कसं? हा मुद्दा मोडीत काढण्यासारखा नाही. पेनसिल्व्हेनिया किंवा टेक्सासच्या खोल शेल खडकांत तो बहुतांशी खराच आहे. तिथे भेगा किती उंच चढतात ते भूकंपमापक यंत्रांनी मोजलंय. चढलीच तर भेग पाचसहाशे मीटरपर्यंत जाते, आणि तेही क्वचित.

पण ‘मैलभर’ ही सरासरी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २०१० ते २०१३ या काळातल्या सुमारे ४४,००० फ्रॅकिंगच्या नोंदी तपासल्या. सरासरी खोली निघाली ८,३०० फूट, म्हणजे सुमारे २,५०० मीटर. त्यातच ६,९०० विहिरी, म्हणजे १६ टक्के, मैलाच्या आतल्या. आणि २,६०० विहिरी, ६ टक्के, ३,००० फुटांच्याही आतल्या. या उथळ विहिरींत टेक्सास पहिला, मग कॅलिफोर्निया, त्यानंतर आर्कान्सा आणि वायोमिंग, दोन्हीकडे तीनतीनशे. सरासरी चार फूट असलेल्या नदीत बुडणारा माणूस ठाऊक असेल, तसाच हा हिशेब.

पॅव्हिलियन या सहा टक्क्यांतही अगदी उथळ टोकाला बसतं. ईपीएच्या अहवालात सर्वांत उथळ फ्रॅकिंग ३७२ मीटरवर नोंदलंय. पुढे विहिरींची जुनी कागदपत्रं धुंडाळून शास्त्रज्ञ डॉमिनिक डिजुलिओ आणि जॅक्सन यांनी तो आकडा ३२२ मीटरवर आणला. शिवाय काही विहिरींत खडक मोकळा करायला आम्ल सोडलं होतं, ते २१३ मीटरवरही. गावातल्या घरगुती आणि गुरांसाठीच्या बोअर कुठवर गेलेल्या? २४४ मीटरपर्यंत. म्हणजे ८०० फूट. आपल्याकडे मराठवाड्यात दुष्काळाच्या वर्षी लोक जातात तेवढ्याच.

हे आकडे एकाच जागचे नाहीत हे खरं. सर्वांत खोल बोअर एका शेतात, सर्वांत उथळ फ्रॅकिंग दुसरीकडे. तरी एकाच क्षेत्रात, एकाच खडकात, वरच्या लोकांचं पाणी आणि खालच्या लोकांचा वायू यांच्यात काही ठिकाणी शंभर मीटरही उरत नसतील, तर ‘हजारो फूट खडक’ हे वाक्य इथे लागूच होत नाही.

एक बाब कंपनीच्या बाजूची, ती सांगायला हवी. फार उथळ जागी, साधारण सहाशे मीटरच्या आत, भेगा उभ्या न जाता आडव्या पसरतात, तव्यावर थापलेल्या भाकरीसारख्या. कारण वरच्या खडकाचं ओझं तिथे कमी असतं, जमीन वर उचलली जाणं सोपं जातं. त्यामुळे उथळ फ्रॅकिंगची भेग सरळ बोअरपर्यंत धावली, असं चित्र रंगवणारेही चुकतात. पॅव्हिलियनमध्ये भेग वर चढण्याची गरजच नव्हती. वायू ज्या विंड रिव्हर खडकथरात होता, त्याच थराच्या वरच्या अंगात लोकांचं पाणी. वाळूचा खडक, मधे मधे चिकणमातीच्या शेलचे तुकडे, पण त्यांची सलग चादर कुठेच नाही. दोन मजल्यांमध्ये स्लॅब नसलेली इमारत समजा.

केसिंग

आता दुसरा प्रश्न. वायूची विहीर खोदताना वरच्या भागात मोठ्या व्यासाचा पोलादी पाइप बसवतात, त्याला सरफेस केसिंग म्हणतात. त्याचं मुख्य काम गोड्या पाण्याचे थर झाकणं. त्याच्या आतून मग लहान व्यासाचा पाइप थेट तळापर्यंत जातो. पाइप आणि खडक यांच्यामध्ये एक गोल फट राहते. सगळी गोम त्या फटीत. पातळ सिमेंट पाइपाच्या आतून दाबाने खाली सोडतात, ते तळाशी वळसा घेऊन बाहेरच्या फटीतून वर चढतं. पुरेसं सोडलं तर वरपर्यंत येतं, कमी सोडलं किंवा खडकाने प्यायलं तर मधेच थांबतं. वरून बघणाऱ्याला काहीही दिसत नाही.

मग कळणार कसं? पाइपात ध्वनीचं यंत्र उतरवतात. बाहेर सिमेंट घट्ट धरलं असेल तर आवाज दबतो, मोकळं असेल तर पाइप खणखणतो. गवंडी नव्या फरशीवर काठी आपटत फिरतो आणि ‘ही पोकळ वाजतीय’ म्हणून खूण करतो, तीच युक्ती, फक्त तीनशे मीटर खाली. त्या आलेखाला सिमेंट बाँड लॉग म्हणतात. ज्याने तो काढला नाही त्याने फरशी वाजवलीच नाही.

पॅव्हिलियनच्या विहिरींच्या फायलींत ईपीएला काय सापडलं? काही विहिरींचं सरफेस केसिंग ११० मीटरवरच थांबलेलं. बोअर २४४ मीटरपर्यंत गेलेल्या, आणि पाणी झाकणारा मोठा पाइप त्यांच्या निम्म्यावरही नाही. त्याखाली आतल्या पाइपाभोवती सिमेंट असतं तरी निभावलं असतं. पण काही विहिरींत लांबच लांब पट्टे सिमेंटविना, आणि जिथे फ्रॅकिंग झालं त्याच्या थेट वरच्या भागातही सिमेंटची पकड तुटक. अशी फट म्हणजे तळापासून वरपर्यंत उभा राहिलेला रिकामा जिना. शिवाय फ्रॅकिंगचा दाब खडकावर पडतो तसा सिमेंटवरही पडतो. डिजुलिओ आणि जॅक्सन यांच्या मते या दाबाखालीच विहिरीचे थर एकमेकांपासून अलग राहिले नाहीत.

हे सगळं त्या काळच्या नियमांत बसत होतं का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. केसिंग सर्वांत खोल बोअरच्या खाली गेलंच पाहिजे, असा दंडक तिथे लागू असता तर ११० मीटरच्या विहिरीला परवाना मिळाला नसता. परवाना मिळाला.

दोन निरीक्षण विहिरी आणि एक सामू

तपासात एका गोष्टीवर फारसा वाद झाला नाही: खड्डे. जुन्या काळी ड्रिलिंगचा चिखल आणि वर आलेलं घाण पाणी विहिरीशेजारच्या मातीच्या खड्ड्यांत सोडत. प्लॅस्टिकचं अस्तर नाही, काही नाही. ईपीएने असे किमान ३३ खड्डे मोजले. त्यांच्याजवळच्या उथळ भूजलात बेंझीन, झायलीन आणि डिझेलच्या जातीची द्रव्यं मिळाली. यासाठी फ्रॅकिंगची गरज नाही, बेफिकिरी पुरते. फ्रॅकिंगवरच्या आरडाओरड्यात हा भाग नेहमी मागे पडतो. माझ्या मते गावकऱ्यांच्या दृष्टीने तोच सर्वांत सिद्ध झालेला भाग आहे.

वाद पेटला तो खोलच्या पाण्यावरून. २०१० मध्ये ईपीएने स्वतः दोन निरीक्षण विहिरी खणल्या, पहिली सुमारे २३९ मीटर, दुसरी सुमारे २९९ मीटर. घरगुती बोअर आणि फ्रॅकिंग यांच्या मधल्या पट्ट्यात काय चाललंय ते बघायला. दुसऱ्या विहिरीत बेंझीन निघालं लिटरमागे २४६ मायक्रोग्रॅम. पिण्याच्या पाण्याची अमेरिकेतली मर्यादा ५ आहे. दोन्हींत ग्लायकॉल, आयसोप्रोपेनॉल यांसारखी माणसाने बनवलेली द्रव्यं, नेहमीच्या कित्येक पट पोटॅशियम, आणि सामू, म्हणजे पीएच, ११.२ ते १२. शेतीवाल्याला सांगायला नको, सामू १२ म्हणजे चुन्याची निवळी.

इथून दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ त्या सामूवर तुटून पडले. ईपीएचं म्हणणं: फ्रॅकिंगच्या द्रावात जेल घट्ट करायला पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरलं होतं, पोटॅशियम आणि सामू दोन्ही त्याचेच. कंपनी आणि उद्योगाचं म्हणणं: ओलं सिमेंटही पाण्याचा सामू असाच वाढवतं, तुम्ही तुमच्याच विहिरीच्या सिमेंटचं पाणी उपसून तपासलंत. शिवाय ती विहीर वायू असलेल्या खडकात खणली, तिथे मिथेन आणि बेंझीन निसर्गतःच असणार. ईपीएचं प्रत्युत्तर होतं, की सिमेंट कारण असतं तर पाण्याची इतर रसायनं वेगळी दिसली असती. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेला २०१२ मध्ये पुन्हा नमुने घ्यायला बोलावलं. पहिल्या विहिरीतून त्यांनी घेतले. दुसरीला पाणीच इतकं कमी येत होतं, की रीतसर नमुना मिळाला नाही. म्हणजे जिच्यात बेंझीनचा मोठा आकडा आला होता, नेमकी तीच विहीर फेरतपासणीत मुकी.

यात मी कुणाची बाजू घेऊ? सिमेंटचा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण चुन्याच्या पाण्यातून आयसोप्रोपेनॉल तयार होत नाही, हेही तितकंच खरं. दोनच विहिरींवर एवढा मोठा निष्कर्ष उभा करणं ही ईपीएची कच्ची बाजू. चार-सहा विहिरी हव्या होत्या, वेगवेगळ्या खोलीच्या, वेगवेगळ्या अंतरावर.

८ डिसेंबर २०११ रोजी ईपीएने कच्चा अहवाल काढला. भूजलावर झालेल्या परिणामाचा संबंध फ्रॅकिंगशी लागण्याची शक्यता आहे, असं त्यात होतं. केंद्राच्या यंत्रणेने हा संबंध असा जाहीरपणे जोडण्याची ती पहिली वेळ. कंपनीने निष्कर्ष फेटाळला, वायोमिंगचे तेव्हाचे गव्हर्नर मॅट मीड यांनी शास्त्रीय आधारावर शंका घेतली. अहवाल पक्का व्हायच्या आधी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यायचा होता. मुदत वाढत गेली. आणि जून २०१३ मध्ये ईपीएने जाहीर केलं, की आम्ही अहवाल पक्का करणार नाही, पुढचा तपास वायोमिंग राज्य करेल. त्या कामाला कंपनीने १५ लाख डॉलर दिले. अहवाल मागे घेतला नाही, पुढेही नेला नाही. सरकारी भाषेत याला प्रलंबित म्हणतात.

मग २०१६ मध्ये एकाच गावाबद्दल दोन निकाल आले. मार्चमध्ये डिजुलिओ आणि जॅक्सन यांचा शोधनिबंध: फ्रॅकिंग आणि आम्लप्रक्रियेने इथल्या पिण्यायोग्य भूजलावर परिणाम झालाय. हे डिजुलिओ आधी ईपीएत याच तपासाचे प्रमुख शास्त्रज्ञ होते, हे वाचताना लक्षात ठेवावं. नोव्हेंबरमध्ये राज्याच्या पर्यावरण खात्याचा अहवाल: फ्रॅकिंगचे द्राव घरगुती बोअरच्या पातळीपर्यंत चढले असण्याची शक्यता कमी, वास आणि चवीमागे जिवाणू असू शकतात.

दोन्ही वाक्यं नीट वाचली तर ती एकमेकांना छेद देतातच असं नाही. एक जण ‘पिण्यायोग्य भूजल’ म्हणतोय, दुसरा ‘घरगुती बोअर’. हा फरक कायद्याने केलेला आहे, आणि तो समजल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही.

१०,००० टीडीएस

आरओवाला घरी येतो, ग्लासात मीटर बुडवतो आणि ‘टीडीएस आठशे आहे’ म्हणून घाबरवतो. टीडीएस म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये. आपल्या भारतीय मानकात चालण्याजोगी मर्यादा ५००, दुसरा स्रोत नसेल तर २,०००. अमेरिकेच्या सुरक्षित पेयजल कायद्याखाली ज्या भूजलाला संरक्षण आहे त्याची मर्यादा मात्र लिटरला १०,००० मिलिग्रॅम. एवढं मचूळ पाणी आज कुणी तोंडात धरणार नाही. पण उद्या गोडं पाणी संपलं तर तेच शुद्ध करून प्यावं लागेल, म्हणून ते आजच राखून ठेवायचं, असा त्यामागचा विचार. मला तो विचार फार आवडला.

या हिशेबाने पॅव्हिलियनमध्ये वायू ज्या खडकांत होता त्यातलं बरंचसं पाणीही संरक्षित ठरतं. म्हणजे द्राव घरगुती बोअरपर्यंत चढला की नाही हा पुढचा प्रश्न. तो सोडला तिथेच संरक्षित पाणी होतं, हा शोधनिबंधाचा मुख्य आरोप. राज्याच्या अहवालाने मोजलं ते बोअरपर्यंत आलं की नाही, एवढंच.

मग संरक्षित पाण्यात फ्रॅकिंगला परवानगी कशी? याचं मूळ अलाबामात आहे. तिथे कोळशाच्या थरातल्या मिथेनसाठी उथळ फ्रॅकिंग चालायचं. १९९७ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं, की फ्रॅकिंग म्हणजे जमिनीत द्राव सोडणंच आहे, तेव्हा पेयजल कायदा त्याला लागू होतो. २००४ मध्ये ईपीएने कोळशाच्या मिथेनवर अभ्यास करून धोका थोडा असल्याचं म्हटलं. आणि २००५ च्या ऊर्जा कायद्याने फ्रॅकिंग पेयजल कायद्याच्या त्या कलमातून बाहेर काढलं. अपवाद फक्त डिझेल वापरण्याचा. लोक याला ‘हॅलिबर्टनची पळवाट’ म्हणतात, कारण तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी पूर्वी हॅलिबर्टन या फ्रॅकिंगची कामं करणाऱ्या कंपनीचे प्रमुख होते. पॅव्हिलियनमधली बरीच कामं या कायद्याच्याही आधीची आहेत, तेव्हा सगळं खापर त्याच्यावर फुटत नाही. पण २००५ नंतर ‘संरक्षित पाण्यापासून किती अंतर राखायचं’ हे केंद्राने सांगण्याचा रस्ताच बंद झाला, आणि ते राज्याराज्यांवर गेलं.

ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात सरळ आकडा लिहिला: १,००० मीटरपेक्षा उथळ फ्रॅकिंग नाही, राष्ट्रीय उद्यानांसारख्या जागी १,२०० मीटर. (आपल्याकडेही २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरच्या पुढच्या खोल विहिरींवर निर्बंध आहेत. बोअरची गाडी तो आकडा वाचून थांबते का, ते पारावर विचारा.) अमेरिकेत केंद्राच्या आणि जमातींच्या जमिनींसाठी सिमेंटची तपासणी सक्तीची करणारा नियम मार्च २०१५ मध्ये आला. पॅव्हिलियनच्या परिसराला तो थेट लागू पडला असता. जून २०१६ मध्ये वायोमिंगच्याच केंद्रीय न्यायालयाने तो रद्द केला आणि डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने तो मागे घेतला. जॅक्सन यांच्या गटाची सूचना साधी होती: ३,००० फुटांच्या आतल्या फ्रॅकिंगच्या जागांची सक्तीची नोंदवही ठेवा, रसायनं पूर्ण उघड करा.

वायोमिंगने मात्र एक गोष्ट केली. मार्च २०१४ पासून तिथे नवी विहीर खणण्याआधी अर्ध्या मैलाच्या आतल्या बोअरचं पाणी तपासून ठेवावं लागतं. खणल्यावर पुढच्या काही वर्षांत आणखी दोनदा. पॅव्हिलियनच्या सगळ्या वादाचा गळफास इथेच होता. तिथलं भूजल मुळातच सल्फेट आणि क्षारांनी जड, वायू उथळ खडकातही निसर्गतः असू शकतो. कुणी म्हणालं पाणी बिघडलं, की दुसरा विचारणार: आधी कसं होतं? १९६० मध्ये पहिली विहीर खणताना शेजारच्या बोअरची एक बाटली भरून कुणी प्रयोगशाळेत पाठवली नव्हती.

राज्याच्या पैशांतून गावाबाहेरच्या काही घरांजवळ पाण्याच्या टाक्या बसल्या. पाणी दुसरीकडून आणून त्यात भरायचं. बोअरचं पाणी लसूणघासाला आणि गुरांना.